हसविणाऱ्याचे पुस्तक



वैशाखातला हा उकाडा, बाहेर आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई, आणि तरीही आपण मंडणगडकर मंडळी व्याख्यान ऐकावयास जमलात, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ती पुढे कोकणातल्या या टोकाला येऊन पोहोचेल आणि तिथे शाळा अर्धवट सोडलेला एक कामगार कार्यकर्ता उभा राहील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की आम्ही किमान वेतनावर बोलू. आम्ही त्यांना सांगितले, "मोबाईलवर लोकांना हसविणाऱ्या एका कलावंताने मनाच्या आजारावर पुस्तक लिहिले, त्याच्या चाहत्यांनी त्या पुस्तकाकडून काय मागावे, यावर बोलणार." चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कामगारांवर नाही?" आम्ही म्हणालो, "कामगारांवरच." ते कसे, ते आता सांगतो.

आमची एक भाची ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. तिला शाळेत असल्यापासून एका इंग्रज तरुणाचा नाद. नाद म्हणजे वाईट अर्थाने नव्हे. डॅनियल हॉवेल त्याचे नाव, जन्म १९९१ चा. स्वतःच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून, स्वतःच्याच फजितीच्या गोष्टी सांगून हा मुलगा यूट्यूबवर लोकांना हसवू लागला आणि पाहता पाहता जगभरचे लक्षावधी पोर त्याच्या मागे लागले. फिल लेस्टर या आपल्या मित्राबरोबर त्याने २०१५ साली एक गमतीचे पुस्तकही काढले. पुढे २०१७ साली हाच हसविणारा कॅमेऱ्यासमोर बसला आणि म्हणाला की मला नैराश्याचा आजार आहे. २०१९ नंतर तर तो बराच काळ दिसेनासा झाला. आणि मग २०२० साली त्याने जाहीर केले की मी मनाच्या आरोग्यावर पुस्तक लिहीत आहे. ते २०२१ च्या मे महिन्यात निघाले. 'यू विल गेट थ्रू धिस नाइट' असे त्याचे नाव. मराठीत सांगावयाचे तर, 'ही रात्र तू पार करशील.'

ज्या मुलीची सारी नोकरीच रात्रीची, तिला हे नाव कसे लागले असेल, याची कल्पना आपण करा.

टाळेबंदीचे ते वर्ष. भाची घरूनच काम करीत होती. दहा फुटांच्या खोलीत आईवडील झोपलेले, आणि ही स्वयंपाकाच्या ओट्यापाशी कानाला यंत्र लावून परमुलखातल्या माणसांच्या शिव्या खात बसलेली. त्या काळात ती आणि तिच्या ओळखीच्या मुली त्या पुस्तकाची वाट पाहत होत्या. आम्ही तिला नंतर विचारले, "बाय, तुम्हांला त्यातून हवे तरी काय होते?" तिने सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. एकीला वाटे, त्याने पूर्वीसारखे पोट धरून हसवावे. दुसरीला वाटे, तो इतके दिवस गप्प का होता त्याचा खुलासा त्यात असावा. जणू रजेचा अर्जच! तिसरीला त्याच्या घरातल्या खासगी गोष्टी हव्या होत्या. चौथी म्हणे, मला बाकी काही नको, हे पुस्तक वाचून माझे रडणे थांबावे. "आणि तुला ग?" असे आम्ही विचारले. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मामा, तू हसशील. मला वाटायचं, पहिलं पान उघडलं की तो मला ओळखेल."

आम्ही हसलो नाही. कारण असली अपेक्षा आम्ही आमच्या घरात फार पूर्वी पाहिली होती.

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, त्यांतले ते एक. मंडणगड तालुक्यात असे घर विरळा की ज्यातले कोणी त्या वेळी लालबाग-परळच्या खोलीतून वळकटी बांधून परत आले नाही. वडीलही आले. पहिला पाऊस शेतीत गेला. नंतर ते ओटीवर बसू लागले आणि बसलेच. बोलणे नाही, हसणे नाही, जेवणाची शुद्ध नाही. रात्री ते जागे असत, हे आम्हांला ठाऊक होते, कारण बिडीचे टोक अंधारात दिसे. गावात कोणी म्हणे, देवाचे काही राहिले. कोणी म्हणे, गिरणी गेली, मन लागत नाही, होईल हळूहळू. आजार हा शब्द कोणीच उच्चारला नाही. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. हा माणूस आळशी झाला, असे आम्हांला वाटे. ते आज सांगावयास लाज वाटते, पण वाटे हे खरे.

एका साली शेजारच्या वाडीत शक्ती-तुऱ्याचा सामना होता. चुलत्यांनी वडिलांना ओढतच नेले. तुऱ्याच्या बाजूचा शाहीर मोठा हजरजबाबी. समोरच्याला त्याने असे काही धरले की सारी सभा लोळू लागली. आणि आमच्या शेजारी बसलेले वडील हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. आजीच्या कानावर हे गेले मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या शाहिराच्या उतरण्याच्या घरी जाऊन बसली. नारळ, सव्वा रुपया पुढे ठेवून म्हणाली, माझ्या पोराला तू हसवलेस, आता तूच त्याला बरा कर.

शाहीर आला. ओटीवर वडिलांच्या जवळ बसला, तंबाखू मळली, त्यांना दिली, बराच वेळ काही न बोलता बसून राहिला. निघताना त्याने नारळ परत केला आणि आजीला म्हणाला, "आये, मी गानारा मानूस. माजा इलाज रातीपुरता. ह्येला डाक्तरला दाकव."

श्रोतेहो, त्यानंतर वडिलांना लगेच डॉक्टरकडे नेले, असे आम्हांला सांगता आले असते तर किती बरे झाले असते! नेले नाही. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, ब्रिटिशांच्या काळापासूनचे. पण आमच्याकडे 'रत्नागिरीला धाडणे' याचा अर्थ काय घेतला जातो, ते आपणां सर्वांना माहीत आहे. आत्याचे लग्न ठरावयाचे होते. आजी म्हणाली, लोक काय म्हणतील? आणखी तीन वर्षे गेली. पुढे एका बागेवर राखणीचे काम मिळाले, वडील उठू-बसू लागले, चार शब्द बोलू लागले. ते बरे झाले की फक्त हिंडू-फिरू लागले, हे आम्हांला आजही सांगता येत नाही. पण तो शाहीर आमच्या मनात बसला. त्याला लोकांनी वैद्याचा पाट दिला होता, दक्षिणाही पुढे ठेवली होती. तो त्या पाटावर बसला नाही.

आता पुस्तकांकडे वळू. 'सेल्फ-हेल्प' म्हणजे आत्मसाहाय्य हा शब्द पुस्तकाच्या कपाळी प्रथम ठळक लागला तो सॅम्युएल स्माइल्सच्या ग्रंथामुळे, १८५९ साली. हा ग्रंथ कसा जन्मला, हे आमच्यासारख्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडात लीड्स येथे काही तरुण कामगार संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना लिहिणे, वाचणे, हिशेब शिकवीत. पैसा नाही, मास्तर नाही. ज्याला जे येई ते तो दुसऱ्याला देई. त्यांनी स्माइल्सला चार शब्द सांगावयास बोलाविले, आणि १८४५ च्या सुमाराच्या त्या भाषणांतून पुढे हे पुस्तक झाले. म्हणजे मुळात ते होते परस्परसाहाय्य! पुस्तक छापले गेले, लाखांनी खपले, आणि त्यातला 'परस्पर' कुठे गळून पडला कोण जाणे. उरले एकट्याने एकट्याला हात देणे. आम्ही युनियनवाले असल्यामुळे आम्हांला ही गळती जरा जास्त खुपते, हे कबूल आहे.

पुढे १९४८ साली अमेरिकेत डेल कार्नेगीचे चिंता कशी सोडावी, यावरचे पुस्तक निघाले. हा गृहस्थ तरुणपणी नाटक मंडळीतून हिंडलेला, नट होऊ पाहणारा. ते जमले नाही म्हणून भाषण कसे करावे, हे शिकवू लागला. तेव्हा रंगभूमीवरच्या माणसाने मनाला औषध सांगणे, ही काही मोबाईलच्या जमान्यातली नवलाई नव्हे. आमच्याकडे तरी कीर्तनकाराने हसवता हसवता मनाची समजूत घालणे, हे शतकानुशतके चालत आलेले आहेच.

या जातीच्या पुस्तकांचा आम्हांला एक कडू अनुभव आहे, तोही सांगून टाकतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी काजू सोलणाऱ्या बायकांचा आम्ही चालविलेला एक लढा मोडला. एकोणीस जणींचे काम गेले. त्यानंतर तीन महिने आम्हांला झोप नव्हती. कार्यकर्त्याने कोणाजवळ बोलावे? आम्ही दादरच्या फुटपाथवरून मन खंबीर करण्याचे एक जाडजूड पुस्तक आणले. त्यात पानोपानी एकच सांगितले होते : तुमचे विचार बदला, तुमचे आयुष्य बदलेल, दुःखी राहणारा स्वतःच दुःख निवडतो. आम्ही विचार बदलण्याची पराकाष्ठा केली. झोप येईना. मग वाटू लागले की आपण मुळातच दुबळे. पुस्तकाचा दोष नाही, आपलाच. त्या एकोणीस घरांची चूल बंद होती, ती का माझ्या विचारांनी बंद झाली होती? पण इतके साधे उत्तर त्या वेळी सुचले नाही. आजारी माणसाला तू आपल्या खोडीने आजारी आहेस, असे सांगणारे पुस्तक त्याच्या उरावर आणखी एक धोंडा ठेवते. चाहत्यांनी कोणत्याही लेखकाकडून पहिली अपेक्षा करावी ती ही की, बाबा रे, एवढे मात्र करू नकोस.

भाचीच्या त्या इंग्रज तरुणाने हे केले नाही, असे ती सांगते. पुस्तकाचे त्याने तीन भाग पाडले आहेत : आधी आजची रात्र, मग उद्या, मग त्यापुढचे दिवस. हा क्रम आम्हांला शहाणपणाचा वाटला. बुडणाऱ्याला प्रथम काठावर आणावे, पोहण्याचे शास्त्र मागाहून. शिवाय त्याने डॉ. हेदर बोल्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंचा सल्ला घेऊन पुस्तक लिहिले आणि तसे उघड सांगितले. म्हणजे आपली विद्या कुठे संपते, हे त्याला ठाऊक होते. आमच्या शाहिराची आठवण होते ती येथे.

पण भाची मात्र प्रथम निराश झाली. श्वास सावकाश घ्या, झोप सांभाळा, मनातले विचार तपासून पाहा, कोणाशी तरी बोला. "मामा, हे तर कुणीही सांगतं!" ती म्हणाली. तिने पुस्तक मिटून ठेवले. पाच-सहा महिन्यांनी एका पहाटे, पाळी संपल्यावर, पुन्हा उघडले. या खेपेस तिने उपदेश वाचला नाही. स्वतःच्या वाईट दिवसांविषयी त्याने जिथे जिथे लिहिले आहे, तेवढेच वाचले. आणि तिच्या मनात आले की ज्याच्यापाशी लाखो माणसे आहेत, त्यालाही जर डॉक्टरची गरज लागते, तर आपल्याला लागली म्हणून काय बिघडले? त्या आठवड्यात ती इस्पितळात गेली. तो तिला ओळखेल, असे तिला वाटले होते, झाले उलटे. तिने त्याला ओळखले, आणि मग स्वतःला.

असे बोलून दाखविणारी माणसे आपल्याकडेही झाली. दीपिका पदुकोण या नटीने २०१५ साली आपल्या नैराश्याविषयी उघडपणे सांगितले आणि त्याच साली त्यासाठी एक संस्था काढली. चित्रपटसृष्टीतल्याच घरातल्या शाहीन भट यांनी २०१८ साली आपल्या आजारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ठाण्याची प्राजक्ता कोळी ही आपली मराठी मुलगी यूट्यूबवर हसविण्यासाठी देशभर गाजली; तिचे पुस्तक २०२५ साली निघाले, पण ती प्रेमकथेची कादंबरी आहे आणि तिने तिला दुसरे काही म्हटले नाही, हेही बरेच केले. हसविणाऱ्या प्रत्येकाने आपले मन उकलून दाखविलेच पाहिजे, असा काही कायदा नाही. आणि ठाण्यातच उलट दिशेने आलेले डॉ. आनंद नाडकर्णी आहेत. ते मुळात मनोविकारतज्ज्ञ. १९९० साली त्यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, नाटके लिहिली, गाणी केली, आणि अलीकडे संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवरून लोकांशी बोलतात. डॉक्टराने थोडे कलावंत व्हावे, हे आम्हांला कलावंताने डॉक्टर होण्यापेक्षा पुष्कळ निर्धास्त वाटते.

आता जे बोलणार आहोत ते अवघड आहे. येथून फार दूर नाही ते पालगड, दापोली तालुक्यातले. तिथे २४ डिसेंबर १८९९ ला साने गुरुजी जन्मले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी आईच्या आठवणीने डोळे पुसले, त्यांनी त्या माणसाकडून सांत्वन घेतले. आम्हीही घेतले, वडील ओटीवर बसलेले असताना, शाळेच्या फाटक्या प्रतीतून घेतले. मुलांना गोष्टी सांगून खुलविणारा, फुलविणारा हा माणूस. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या मनात काय चालले होते, त्यावर आम्ही तर्क करणार नाही. तो आमचा अधिकार नव्हे. एवढेच म्हणतो की, जो दुसऱ्याचे अश्रू पुसतो त्याचे स्वतःचे अंतःकरण कोरडे आणि धडधाकट असलेच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. त्याच्याकडून आपण घेत राहतो. तोही माणूस आहे, त्याला कोणी विचारले का, हा प्रश्न आपल्या मनाला शिवत नाही.

म्हणून चाहत्यांच्या अपेक्षांविषयी बोलताना, त्या कलावंताचीही आपल्याकडून काही अपेक्षा असेल की नाही, हे पाहिले पाहिजे. आम्ही त्याला कामगार समजतो. काजू सोलणाऱ्या बाईला किलोवर मजुरी, तशी याला पाहणाऱ्यांच्या संख्येवर. यूट्यूबवर चित्रफितीबरोबर जी जाहिरात दाखवितात, तिच्या उत्पन्नातले साधारण ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात, बाकीचे कंपनीला. कोणाचे काम पुढे ढकलावयाचे आणि कोणाचे मागे ठेवावयाचे, हे एक यंत्र ठरवते. काजूच्या शेडमधला मुकादम निदान तोंडासमोर असतो. त्याच्याशी भांडता येते, त्याची गाठ घेता येते. हा मुकादम कोणी पाहिलेला नाही. आठ दिवस सुट्टी घेतली तर परत आल्यावर काम मिळेल की नाही, ठाऊक नाही. २०१८ साली परदेशात अशा कित्येक तरुण कलावंतांनी, आम्ही थकलो, आता होत नाही, असे जाहीर केले. एल मिल्स नावाची कॅनडातली मुलगी तर अवघी एकोणीस वर्षांची होती. आणि आपण चाहते काय विचारतो? "पुढची कधी?"

आपल्या तमाशाच्या फडात एक गोष्ट सांगतात, ती आपण ऐकली असेल. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, आणि पुन्हा पुढे येऊन उभ्या राहिल्या. कारण लोकांनी तिकिटे काढली होती. लोकांच्या जेव्हा हे ध्यानात आले, तेव्हा शिट्या मारणाऱ्या त्याच लोकांनी हात जोडले आणि खेळ बंद करा म्हणून विनविले. विठाबाईंच्या सोसण्याचे गोडवे सगळेच गातात. आम्हांला त्या गोष्टीतले प्रेक्षक आठवतात. पैसे दिलेला, उत्साहात आलेला माणूस, आज पुरे, असे म्हणू शकतो, हे त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनी करून दाखविले. आजच्या चाहत्याने हेच करावे. हसविणाऱ्याला न हसविण्याची मुभा द्यावी. पुस्तक लिहिले म्हणून तो आता कायमचा बरा झाला, असे धरून चालू नये. उद्या तो पुन्हा आजारी पडला तर, अरे, तुझ्याच पुस्तकात लिहिले होते ना, असे त्याला ऐकवू नये. मधुमेहावर लिहिणाऱ्या डॉक्टराला मधुमेह होत नाही थोडाच!

येथे आमच्या धंद्याचा मुद्दा आला, आणि तो बोलल्याशिवाय आम्हांला राहवणार नाही. भाचीला पुस्तक सांगते, रोज ठराविक वेळी झोपा. सल्ला बिनचूक आहे. पण तिची पाळी दर पंधरवड्याला फिरते. दोन कॉलमध्ये पाणी प्यावयास किती सेकंद घेतले, तेही मोजले जाते. आम्ही तिला विचारले, "हे त्या पुस्तकात आहे का?" ती म्हणाली, "मामा, तो काय माझ्या टीम लीडरला ओळखतो?" बरोबर आहे. लंडनात बसलेल्या मुलाने ऐरोलीची पाळी बदलावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. ती आपणच बदलावयाची आहे, आणि ते एकटीच्याने होणार नाही. आमच्या वडिलांना औषध हवे होते, हे आम्ही आता मान्य करतो. वर्षानुवर्षे आम्ही भाषणातून सांगत आलो की त्यांना फक्त काम हवे होते. ती आमची चूक होती. त्यांना औषधही हवे होते आणि कामही. चळवळीतली माणसे पहिले विसरतात, पुस्तकवाले दुसरे.

औषधाची स्थिती काय आहे? बंगलोरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढ माणसांत शंभरांतल्या साडेदहांच्या आसपास लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार त्या वेळी चालू होता. आणि निरनिराळ्या आजारांत शेकडा सत्तरांपासून ब्याण्णवांपर्यंत रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. २०१७ चा कायदा सांगतो की सरकारी व्यवस्थेतून मनाचे उपचार मिळणे, हा प्रत्येकाचा हक्क आहे. कायदा उत्तम आहे. पण मंडणगडातून रत्नागिरीला मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊन परत यावयाचे तर मजुराचा एक दिवस मोडतो, कधी दोन. रोज बुडतो, तिकीट लागते, आणि शेजारी विचारतात, कुठे गेला होतात. जिथे दार इतके लांब, तिथे पोरे खिशातल्या मोबाईलमधल्या हसऱ्या चेहऱ्याकडे औषध मागतात, यात त्यांचे काय चुकले? तो चेहरा रात्री दोन वाजताही हजर असतो. आजीही त्या शाहिराकडेच गेली होती. कारण तो वाडीत होता आणि डॉक्टर नव्हता.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने 'टेली मानस' नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही आमच्या युनियनच्या खोलीत फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, किमान वेतनाच्या दरपत्रकाच्या शेजारी. परवा एक बांधकाम मजूर आला. हिशेबाचा कागद दाखवून झाला, तरी तो उठेना. फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, हा नंबर कसला? ठेकेदाराची तक्रार करायचा का?"

आम्ही म्हणालो, "झोप येत नसेल तर लावायचा."

"आणि ठेकेदार पैसे देत नाही म्हणून झोप येत नसेल तर?"

आम्ही त्याला बसवून घेतले, चहा सांगितला, आणि दोन्ही कागद पुढे ओढले.